पोशाकाकांची डोण

वसतिगृहात सकाळचा चहा आला की माझ्या खोलीतला सोबती कपावर जोरात फुंकर मारतो. दर वेळी माझ्या तोंडात एक वाक्य येतं आणि मी ते गिळतो. ते वाक्य माझं नाही. आमच्या पाड्यावरच्या पोशाकाकांचं आहे. त्यांच्यासमोर कुणी चहावर किंवा पेजेवर फुंकर घातली की ते म्हणायचे, "वाऱ्याला कशाला पाजतंस? आदी कपाने हात शेक, मंग पी."

गेल्या उन्हाळ्यापासून त्यांच्याविषयी लिहावं असं मनात आहे. बसलो की चार ओळी होतात आणि हात थांबतो. आमच्या घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच. त्यामुळे कुठून सुरुवात करायची आणि किती सांगायचं, हे विचारायलाही घरात कुणी नाही. जमेल तसं सांगतो.

आमचा पाडा उरणच्या बाजूला, खाडीच्या काठी आहे. पुढे मिठागरं, मागे एकपिकी भातशेती, आणि मध्ये आमची पंचवीस-तीस घरं. जळणाची मोठी चणचण. खाडीतली तिवरं तोडली तर बांध उघडे पडतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. बायका डोंगराकडे जात आणि मोळी घेऊन येईपर्यंत दिवस मोडायचा. आणलेलं लाकूड भात शिजवण्यासाठी. आंघोळीला ऊन पाणी मिळायचं ते बाळंतिणीला आणि आजाऱ्याला. बाकीचे सगळे विहिरीच्या गार पाण्यानं आंघोळ उरकत.

पुरुषांचं भागायचं. पण ज्या बाया दिवसभर मिठागराच्या वाफ्यांत उभ्या राहायच्या, त्यांच्या पायांचे हाल असत. खाऱ्या पाण्यानं टाचा फाटायच्या, बोटांच्या बेचक्यांत जखमा व्हायच्या. संध्याकाळी त्यांवर गार पाणी पडलं की मीठ नीट सुटत नसे, नुसती आग व्हायची. पोशाकाकांच्या बायकोचे, चांगुणाकाकीचे पाय सगळ्यांत वाईट होते. ती पायांवर पाणी ओतताना दातांतून श्वास ओढायची. त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. तो आवाज आमच्या ओटीवर ऐकू यायचा. मूलबाळ नसलेल्या त्या घरात दुसरा आवाज फारसा नसेच.

पोशाकाका स्वतः मिठागरावरच होते. सुकलेलं अंग, मिठाच्या पाट्या वाहून उजवा खांदा खाली आलेला. तळहात इतके घट्ट झाले होते की चुलीतला निखारा चिमटीत धरून विडी पेटवायचे. पाणी गरम आहे की नाही हे त्यांना हातानं कळत नसे, म्हणून ते कोपर बुडवून बघत. "हात मिठाने मेलेत," म्हणायचे, "कोपर अजून जिता हाय."

त्यांच्या डोक्यात ऊन पाण्याचं वेड शिरलं ते चिंबोऱ्यांमुळे, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांमुळे. त्यांच्या अंगणात एक जुनी डोण पडून होती. डोण म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरलेली लहान होडी. तिचा एका टोकाकडचा भाग चिरला होता, म्हणून तिला पाण्यात घालायची सोय नव्हती. काकांनी चीर काथ्यानं बुजवून आतून-बाहेरून डांबर फासलं होतं, पुन्हा कधी उपयोगी पडेल म्हणून. एका सकाळी त्यांनी खाडीतून पाच-सहा चिंबोऱ्या आणल्या आणि संध्याकाळपर्यंत जित्या राहाव्यात म्हणून डोणीत चार बोटं पाणी घालून सोडल्या. तिन्हीसांजेला काकी बघते तो सगळ्या मेलेल्या. मोठ्या कौतुकानं आणलेल्या चिंबोऱ्या फुकट गेल्या म्हणून ती त्यांना खूप बोलली. काका मात्र डोणीत कोपर घालून बसून राहिले. मग म्हणाले, "चांगुणे, चूल पेटली नाय आनि चिंबोऱ्या मेल्या. पाय आन हिकरं."

त्या संध्याकाळी काकीनं दातांतून श्वास ओढला नाही. हे मला आईनं सांगितलं.

ते साल मला आठवतं. मिठाच्या कायद्यावरून सगळीकडे गडबड झाली त्याच्या पुढचं. डांबराचा वास पाण्याला यायचा, म्हणून काकांनी एक पावसाळाभर डोण उघड्यावर धुऊ दिली. मिठागराच्या कचेरीची जुनी खिडकी काढली तेव्हा तिच्या दोन काचा मागून आणल्या आणि डोणीवर आडव्या ठेवल्या. काच नाही तिथे फळ्या, फळ्यांच्या फटीत पेंढा. सकाळी मिठावर जाण्याआधी चार बोटं गोडं पाणी भरायचं. त्याहून जास्त नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. वाफ्यात पाणी खोल ठेवलं तर मीठ धरत नाही, मग डोणीत खोल ठेवलं तर ते तापेल कसं? उन्हं कलली की काचांवर जुनी गोधडी आणि त्यावर पेंढ्याचे भारे पडायचे. दिवेलागणीनंतरही पाणी हाताला चटका देईल असं राहायचं.

"तापवनारा वर बसलाय," ते आकाशाकडे हनुवटी करून म्हणायचे, "आपला काम राखाचा."

हे राखणं त्यांच्या इतकं अंगात भिनलं की लोक कंटाळले. कुणाच्याही घरी गेले की आधी चुलीमागच्या भिंतीवर कोपर लावायचे. "भिंत शिजवताय व्हय?" मग तिथे पाण्याची कळशी टेकवून ठेवायला लावायचे. हंड्यावर झाकण नसलं तर स्वतः शोधून घालायचे. आमच्या आईनं एकदा भात बघायला झाकण तीनदा उचललं, तेव्हा दारातून त्यांचा आवाज आला, "वैनी, भात पलून नाय जात." आईनं हातातला पळा त्यांच्या दिशेनं उगारला. तरी त्यानंतर ती झाकण एकदाच उचलायची, आणि तेही उचलताना एकदा दाराकडे बघायची.

हळूहळू मिठावरच्या सात-आठ बाया संध्याकाळी काकांच्या अंगणात येऊ लागल्या. पायांना दोन तांबे, हातांना एक. तेवढंच. ज्या बाईनं काच उघडी टाकली तिची दुसऱ्या दिवशी थट्टा व्हायची.

पण सगळ्यांना हे पसंत नव्हतं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी घरातल्या चुलीवर तापवत नाहीत. अंगणात तीन दगड मांडून तापवतात. त्यामुळे अंगणात तापलेलं पाणी म्हटलं की म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर काटा यायचा. आमच्या पाटलांनी काकांना तसं बोलूनही दाखवलं होतं. काकांनी वाद घातला नाही. आपण तीन दगड मांडलेले नाहीत आणि जाळही घातलेला नाही, एवढंच ते म्हणाले. पण एक नियम त्यांनी आपणहून केला. बाळंतिणीला आणि तान्ह्या पोराला डोणीतलं पाणी द्यायचं नाही. "आयाबायांचा जीव त्यात अरकतो," म्हणाले, "त्यांचा मन कशाला दुखवाचा?"

मी मुंबईला कॉलेजात गेलो त्या पहिल्या वर्षी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात एक ओळ सापडली. काळा पृष्ठभाग उष्णता अधिक शोषून घेतो. मी नाताळच्या सुट्टीत बोटीनं उरणच्या मोरा बंदरावर उतरलो तो ती ओळ सांगायला धावतच. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे पुस्तकवाल्यान्ला ठावा व्हता," ते म्हणाले. "मंग आमच्या चिंबोऱ्या फुकट मेल्या." नंतर मला डोणीत हात घालायला लावून त्यांनी विचारलं, "तुजा हात लिवनाराचा, मऊ. सांग, किती तापला?" मी खूप तापलं म्हणालो. ते दिवसभर खुशीत होते. ज्याला-त्याला सांगत होते की कालेजवाल्यानं हात घालून बघितलाय.

आता पुढचं सांगायचं आहे.

त्याच वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत माझी थोरली बहीण हिरूताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. मुलगा झाला. पाचव्या दिवशी आई पावसाळ्याचं जळण गोळा करायला सकाळीच डोंगराकडे गेली. दुपारी येते म्हणाली होती, पण यायला उशीर झाला. बाळाच्या आंघोळीची वेळ टळत होती आणि ताई आतून विचारत होती. घरात चार काटक्या होत्या, त्या रात्रीच्या भाताच्या. मी चूल पेटवायला बसलो, पण पेटवली नाही. शेजारच्या अंगणात पाणी तापलेलं होतं. काका-काकी दोघंही मिठावर होते. माझ्या हातात पुस्तकातली ओळ होती, आणि असल्या जुन्या समजुती आपण मानत नाही याचा मला थोडा अभिमानही होता. मी दोन कळश्या भरून आणल्या, न्हाणीतल्या हंड्यात ओतल्या आणि ताईला सांगितलं की पाणी तयार आहे.

संध्याकाळी आई मोळी टाकून न्हाणीत गेली. हंड्याला डांबराचा वास येत होता. चुलीत ताजी राख नव्हती. तिनं बाहेर येऊन विचारलं, "हा पानी कुटला?"

मी म्हणालो, "काकीने दिला."

का म्हणालो? आईचा दिवसभराचा शीण तिच्या तोंडावर दिसत होता, आणि मला बोलणी नको होती. एवढंच कारण आहे. मी नंतर पुष्कळ शोधलं, याहून मोठं कारण सापडलं नाही. आईही फार काही बोलली नाही. हंडा घासला आणि चुलीला लागली.

आठव्या दिवशी बाळाला आकडी आली. दुसऱ्या दिवशी ते गेलं. अजून नाव ठेवलं नव्हतं.

मुंबईतल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना मी पुढे विचारलं. त्यांनी सांगितलं की आठवड्याच्या पोराची आकडी बहुतेक वेळा नाळ कापलेल्या विळ्यापासून येते, पाण्याशी तिचा संबंध नसावा. पण हे मला एक वर्षानंतर कळलं, आणि कळून त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. त्या वेळी आई रडताना बायांजवळ बोलून गेली की पोराला अंगणातल्या पाण्यानं न्हाऊ घातलं. बोलणं पाड्यावर फिरलं. तिसऱ्या दिवशी पाटलांनी देवळापुढे सगळ्यांना बोलावलं.

पाटलांनी चांगुणाकाकीला विचारलं की पाणी तूच दिलंस ना. काकी म्हणाली, "मी नाय. मी मिठावर व्हते." तेव्हा आई उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. ती म्हणाली की माझा मुलगाच म्हणाला, काकीनं दिला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पोशाकाकांनीही बघितलं. मी खाली मान घातली. माझी मान खाली गेली त्यातच त्यांना सगळं कळलं, असं मला वाटतं. कारण नंतर त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. ते पाटलांना म्हणाले, "तिला ठावा नाय. मीच नेऊन ठेवला."

"तू तर बोलतोस बालंतिनीला देत नाय म्हनून."

"दिला. चुकला माजा."

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. दोघंही त्या दिवशी एकाच वाफ्यात काम करत होते, हे तिला माहीत होतं.

मग पाटील माझ्याकडे वळले. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असावं. "तू शिकतंस. उनात तापलेला पानी अंगाला चालतो का? काय लिवलाय तुज्या पुस्तकात?"

मी म्हणालो, "मना ठावा नाय."

डोण पालथी घालायची आणि पुन्हा तिच्यात पाणी भरायचं नाही, असं ठरलं. काकांनी घरी येऊन दोघांच्या मदतीनं ती जागच्या जागी उलटली. काचा पेंढ्यात गुंडाळून तिच्याखाली सरकवल्या. मग हात झटकून आत गेले. त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर काकीचा तो श्वास पुन्हा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिठावर निघाले तेव्हा मी बांधावर त्यांना गाठलं. मी सगळ्यांना खरं सांगतो, म्हणालो. ते थांबले नाहीत, चालता चालता बोलले. "तुजी भैन आता कोनाच्या हातचा जेवते?" ताई त्या दिवसांत फक्त मी भरवलं तर दोन घास खायची. "मंग? तिने कोनाकरं बगाचा? राहू दे. डोन काय, लाकूडच व्हता."

मला हेच ऐकायचं होतं. मी तिथूनच परत फिरलो आणि सुट्टी संपायच्या आत मुंबईला निघून आलो.

नंतरच्या सुट्ट्यांत मी घरी गेलो की काका नेहमीसारखेच वागायचे. चहावर कुणी फुंकर मारली तर बोलायचे. पण कुणाच्या भिंतीला कोपर लावायचं त्यांनी सोडलं होतं. काकीच्या टाचा चिंध्यांत बांधलेल्या असत. त्यांनी तिला मिठावर जाऊ नको म्हणून सांगून बघितलं, पण एका माणसाच्या कमाईत दोघांचं भागत नव्हतं. काही दिवस ते घरात चूल पेटवून तिच्या पायांपुरतं पाणी तापवायचे, लाकडं संपली की बंद व्हायचं. एकदा मी समोरून जाताना तिनं मला हाक मारली आणि ओट्यावर बसवून घेतलं. मला वाटलं, आता विचारणार. तिनं विचारलं, "तितं तुमाला गरम पानी भेटतो का रं?"

वसतिगृहात मोठा बंब आहे. पहाटेपासून पेटलेला असतो. मुलं नळ सोडून गाणी म्हणत बसतात. मी मिळतं म्हणालो.

"बरा हाय," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलेलं दिसत होतं.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या पायाची जखम चिघळली. ताप चढला. उरणला औषध आणायला मीच गेलो होतो. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. तिच्या मरणाला मी कारण झालो असं म्हणावं, तर इतक्या बायांचे पाय फाटतात आणि त्या जगतात. नाही म्हणावं, तर ते जिभेवर येत नाही.

सकाळी माणसं जमली. रीतीप्रमाणे दोघांनी अंगणात तीन दगड मांडले, कुणी हंडा आणला, कुणी लाकडं फोडू लागलं. पोशाकाका घराच्या भिंतीला टेकून बसले होते. ते उठले आणि त्यांनी ते तीन दगड एकेक करून कुंपणाशी नेऊन ठेवले. मग पालथ्या डोणीच्या एका टोकाला हात घातला. कुणाला काही कळेना. मला कळलं. मी दुसरं टोक धरलं. डोण सरळ झाली. खाली पेंढ्यात काचा तशाच होत्या. एकीला कोपऱ्यात तडा गेला होता.

पाटील जवळ आले. आता ते बरेच थकले आहेत. हळूच म्हणाले, "पोशा, येळ लागेल. जाल घालू दे."

"लाकरा तितं मसनात लागतील तिला," काका म्हणाले. "हितं नको. अंगनातला पानी मेल्याला चालतो ना, पाटील? तुमीच बोलला व्हता."

पाटलांनी लाकडं फोडणाऱ्याला हातानं थांबवलं. कुऱ्हाड खाली ठेवली गेली. आम्ही विहिरीवरून पाणी आणून चार बोटं भरलं. काकांनी काचा मांडल्या, फटींत पेंढा घातला आणि शेजारी बसले. सगळा पाडा बसला. मिठावर कुणी गेलं नाही. ऊन चढत गेलं. आतून बायांचं रडणं मध्येच यायचं आणि थांबायचं. हिरूताईही आली होती, तिच्या कडेवर आता दुसरं मूल आहे. ती दाराशी उभी होती.

सूर्य डोक्यावर येऊन गेला तेव्हा काकांनी काच थोडी सरकवून कोपर आत घातलं. बराच वेळ ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. देवळापुढच्या त्या दिवसानंतर ते माझ्याकडे असे पहिल्यांदाच बघत होते.

"मना आज कळत नाय," ते म्हणाले. "तू बग. झाला का?"

मी हात घातला. पाणी चटका देईल इतकं तापलं होतं.

"झाला, काका," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. मग मी वर बघितलं. आई होती, पाटील होते, दाराशी ताई होती. "त्या दिशी पन असाच झाला व्हता. ताईच्या पोराला तो पानी मीच नेला व्हता. काकांनी नाय. काकीने पन नाय. आनि पुस्तकात लिवलेला हाय. मना ठावा व्हता."

ताईनं कडेवरचं मूल या बाजूचं त्या बाजूला घेतलं. मला अजून बरंच बोलायचं होतं. मी काच धरून तसाच उभा होतो, आणि काचेच्या उघड्या फटीतून वाफ बाहेर येत होती.

पोशाकाकांनी माझ्या हातातली काच घेतली आणि फट बंद केली.

"निवेल," ते म्हणाले. "बोलत नको राहू. हंडा आन."